एसजीपीटी ७१, आणि आई विचारते, "खरं सांग, घेतोस काय?"

चंदगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. वय २७, मूळ गाव चंदगड, सध्या मुक्काम हिंजवडी. कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मंगळवारी मेलवर आला. मीटिंग चालू असतानाच उघडला. पुढचा अर्धा तास कोण काय बोललं, मला ठाऊक नाही.

लिव्हरच्या तपासण्यांत एसजीपीटी ७१, एसजीओटी ४२, जीजीटी ५८. रक्तातल्या चरबीत ट्रायग्लिसराइड २२८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (वाईट) ११६. उपाशीपोटी साखर १०४, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८. बीपी १३२/८६. एसजीपीटी तेवढा लाल अक्षरात, बाकीच्यांपुढे कुठे बारीक बाण, कुठे 'बॉर्डरलाइन'.

मूर्खपणा असा केला की पीडीएफ घरच्या ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत आईचा फोन. "तिकडं एकटाच राहतोस. खरं सांग, घेतोस काय?" आमच्या भागातून गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे लिव्हर म्हटलं की लोकांना एकच कारण सुचतं. अहो, मी आयुष्यात दोनदा बिअर चाखली आणि दोन्ही वेळा अर्धी टाकली. आईला ते पटलेलं नाही. त्यात घरी स्थळं बघणं चालू आहे. रिपोर्ट मावशीपर्यंत पोचला तर संपलंच.

उंची १७१ सेंमी, वजन ६९. जाडा म्हणून मला कधी कुणी चिडवलेलं नाही. हातपाय काड्याच आहेत, नोकरी लागल्यापासून पोट तेवढं पुढे आलंय. तपासणीच्या १२ दिवस आधी जिम लावली होती, आणि सुई टोचायच्या आदल्या दिवशीच ट्रेनरने पायांचा व्यायाम घेतला होता. जिना उतरताना रडायला येत होतं.

कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, जेमतेम मिनिटभर. "थोडं फॅटी असेल, तेलकट कमी करा" आणि तीन महिने लिव्हर टॉनिक. आजी म्हणते गुळवेलीचा काढा घे. वडिलांना ४९व्या वर्षी ॲटॅक आला होता, कोल्हापुरात स्टेंट बसवली. ते मात्र काहीच बोलले नाहीत. रिपोर्ट नुसता बघत बसले.

टॉनिक घेऊ का? लिव्हर खरंच बिघडलंय का? आणि आईला काय सांगू?

तिरकस_तुषार

सगळे असंच म्हणतात भावा. आधी पेग बंद कर, मग प्रश्न विचार.

चंदगडचा_पोरगा

झालं. आता आई आणि तुम्ही, दोन मतं पडली.

पिवळ्या_टोपीची_ट्यूब

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका लॅबमध्ये २१ वर्षं रक्त काढतेय आणि मशीनवर लावतेय. त्या टेबलापुरतं बोलते.

आधी हे आकडे काय आहेत ते ऐका. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत राबणारी एन्झाइम्स. पेशीला इजा झाली की ती बाहेर रक्तात येतात. म्हणजे ७१ वरून एवढंच कळतं की कुठेतरी गळती आहे. पाइप कशाने फुटला ते त्यात लिहिलेलं नसतं. यकृत काम नीट करतंय का, हेही त्यातून कळत नाही. त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, बघतात. तुमच्या त्याच पानावर पहिले दोन असतील, ते बघा आधी.

आता जिम. एसजीपीटी मुख्यतः यकृतात, पण एसजीओटी स्नायूंत आणि हृदयातही भरपूर. गंमत अशी की १९५४ साली न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कारमेन या संशोधकांनी एसजीओटी रक्तात मोजायला घेतलं ते हार्ट ॲटॅक ओळखायला. यकृताचं नाव त्याला नंतर चिकटलं. पुढे हृदयासाठी ट्रोपोनिन ही जास्त नेमकी तपासणी आली आणि एसजीओटी लिव्हरच्या पानावर कायमचं राहायला गेलं. सवय नसताना जड वजन उचललं तर ही दोन्ही आठवडाभरसुद्धा चढलेली राहू शकतात. आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं येतात, त्यांचे रिपोर्ट बघून नवीन टेक्निशियन घाबरतो. मी विचारते, "काल ग्राउंड मारलंस का?"

पण तुमचं सगळं जिमवर ढकलता येईल असं मला वाटत नाही. स्नायूंमुळे वाढलं की बहुधा एसजीओटी पुढे असतं, तुमचं एसजीपीटी पुढे आहे. शिवाय जीजीटी ५८. स्नायू दुखावल्याने जीजीटी वाढत नाही. बैठका मारून ते चढलेलं नाही.

रेंजबद्दल एक. रिपोर्टवर जी 'नॉर्मल' रेंज छापतात ती लॅबप्रमाणे, मशीनप्रमाणे बदलते. कुठे ४० पर्यंत, कुठे ४५, कुठे ५६. पूर्वी या रेंज ठरवताना घेतलेल्या 'निरोगी' माणसांतही फॅटी लिव्हरवाले बसलेले असणार. २००२ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी रक्तदात्यांतून वजन, साखर, चरबी सगळं ठीक असलेलेच निवडले, तर वरची मर्यादा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ निघाली. म्हणजे ज्याचा ४३ येतो आणि लाल होत नाही, तोही घरी जाऊन पेढे वाटतो. तुम्हाला लाल अक्षर दिसलं, हे एका अर्थी बरंच झालं.

शितावरून भाताची परीक्षा रक्तात करू नये. आठवडाभर जिम नको, आदल्या रात्री पार्टी नको, १०-१२ तास उपाशी, आणि पुन्हा द्या. त्याच लॅबमध्ये द्या, म्हणजे तुलना करता येईल.

जाता जाता. ट्रायग्लिसराइड ५००-६०० च्या वर गेलं की ट्यूब फिरवून झाल्यावर वरचं सिरम ताकासारखं पांढरं दिसतं. तुमच्या २२८ ला तसं दिसत नाही. मी लागले तेव्हा असं सिरम आलं की नावापुढचं वय पन्नाशीचं असायचं. आता बारकोड वाचते तर २४, २६, २९.

गोदाकाठची

ताईंनी लिहिलंय ते ३० आणि १९ वाचून मी माझी जुनी फाइल काढली. मी ३१ वर्षांची, नाशिक. तीन वर्षांपूर्वी एसजीपीटी ३८ होता, रेंज ४० पर्यंत, म्हणून सगळे खूश. पाळीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी केली तर पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास) निघालं आणि खाली एक ओळ, 'फॅटी लिव्हर ग्रेड १'. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दोन्ही एकाच घरातली भावंडं, आडनाव इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही.

अरे, मीपण दारू पीत नाही. पण दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. शिवाय संकष्टी, सोमवार, एकादशी. प्रत्येक उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर राजगिऱ्याचा लाडू. उपासाच्या दिवशी मी सगळ्यात जास्त खायचे, हे मला लिहून काढल्यावर कळलं.

तेलकट कमी करा म्हणतात ते चूक नाही. पण माझं तेल मुळात जास्त नव्हतंच. माझी गडबड साखर, मैदा आणि बसून राहण्यात होती. चहा दोन कपांवर आणला, बिनसाखरेचा. पहिले १५ दिवस जिभेवर अक्षरशः माती. भाताच्या आधी उसळ आणि कोशिंबीर. रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणलं, त्यावर घरात जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही. जेवणानंतर सासूबाईंना घेऊन अर्धा तास गोदाघाटाकडे चक्कर. त्यांची साखर माझ्याआधी उतरली!

७१ किलोवरून ६५ व्हायला मला १० महिने लागले. मधले तीन महिने काटा जागचा हलला नाही. एसजीपीटी आता २२. टॉनिक मीही सुरुवातीला दोन बाटल्या प्यायले. पी हळद नि हो गोरी.

निवृत्त_चिपळूणकर

चिपळुणात ३८ वर्षे जनरल प्रॅक्टिस केली, आता नातवंडे सांभाळतो. चि. चंदगडकर, तुमच्या प्रश्नात एक चूक आहे आणि ती तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांनीही केली. चोर सोडून संन्याशाला सुळी. सगळे यकृताला धरून बसलेत.

तो ७१ क्षणभर बोटाने झाका आणि बाकीचा रिपोर्ट वाचा. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर. एचडीएल ४० च्या खाली. उपाशीपोटी साखर १०० च्या वर. बीपी १३०/८५ च्या वर. पाचवी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, कारण ती कुणी मोजत नाही. कंबर. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० ही मर्यादा. पाचांपैकी तीन भरली की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमची चार आत्ताच भरली आहेत. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पँटचा नंबर सांगू नका, तो खोटे बोलतो.

आता हे का होते. पूर्वी घरात कणगी असे. सुगीचे धान्य त्यात. कणगी मोठी असेल तर पीक कितीही येवो, घर नीटनेटके. आपल्या लोकांची कातडीखालची कणगी लहान. ती भरली की चरबी पोटात, यकृतात, स्नायूंत सांडते. सांडलेल्या चरबीने यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते. मग रात्रभर गरज नसताना साखर तयार करते, सकाळी १०४ येते. जादा साखरेची चरबी करते आणि रक्तात पाठवते, ट्रायग्लिसराइड २२८ होते. त्याच्या मागोमाग एचडीएल पडते. या सगळ्या ओढाताणीत यकृताच्या काही पेशी फुटतात, त्या तुमच्या ७१ मध्ये दिसल्या. त्या आकड्याने चोरी केलेली नाही, त्याने फक्त घंटा वाजवली.

'मी जाडा नाही' हे वाक्य मी हजारदा ऐकले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र आले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. ते चित्र मी दवाखान्यात भिंतीला लावले होते. हडकुळ्या पेशंटला आधी तिकडे बघायला लावायचो.

आता करायचे काय. इथे लिहून तुमचे निदान होणार नाही, समोर बसून तपासणाऱ्या फिजिशियनकडे जा. ते बहुधा हिपॅटायटिस बी आणि सी बघतील, थायरॉइड बघतील, पोटाची सोनोग्राफी सांगतील. आकडा खाली येत नसेल तर तरुण वयात विल्सन्स डिसीजसारख्या (शरीरात तांबे साठते) दुर्मिळ गोष्टीही वगळाव्या लागतात. सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणून नाचू नका. चरबी बरीच साठल्याशिवाय, साधारण पाचवा हिस्सा तरी, ती नीट दिसत नाही. इंटरनेटवर यकृतात व्रण किती याचा अंदाज करणारे फिब-फोर नावाचे गणित सापडेल, ते तुमच्या वयात नीट लागू पडत नाही, त्याच्या नादी लागू नका.

वडिलांना पन्नाशीच्या आत ॲटॅक, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. फॅटी लिव्हरच्या माणसांत मृत्यूचे पहिले कारण यकृत नसते, हृदय असते. पुढेमागे कोलेस्टेरॉलची गोळी लागली तर 'लिव्हर खराब आहे, स्टॅटिन नको' असे कुणी सांगेल. एवढ्याशा वाढीला ती चालते. तुमच्या वडिलांची तर कुणाच्या सांगण्यावरून बंद होऊ देऊ नका.

आजींना माझा नमस्कार सांगा, पण काढा नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही, वाद झाला. माझे म्हणणे साधे आहे. एन्झाइम आधीच चढलेली असताना नवीन काहीही पोटात घालू नये, मग ते झाडाचे असो की डब्यातली प्रोटीन पावडर.

जाड माणसाला आम्ही सात ते दहा टक्के वजन उतरवायला सांगतो. तुमच्यासारख्याला तीन ते पाच टक्क्यांतही फरक दिसतो. म्हणजे तीन किलोच्या आसपास. जिम सोडू नका, फक्त ट्रेनरला आवरा.

आईंना सांगा की २०२३ पासून जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचे इंग्रजी नावच बदलले. जुन्या नावात 'दारूचा नसलेला' असे शब्द होते, नव्या नावात दारूऐवजी चयापचय आले. तुमची बाजू आता नावातच लिहिलेली आहे.

चंदगडचा_पोरगा

काका, कंबर मोजली. ९४. पाचात पाच. दहावीलासुद्धा पैकीच्या पैकी मिळाले नव्हते.

ताईंसारखं मीही एक दिवस लिहून काढलं. सकाळी मशीनचा चहा, मग टपरीवर दोनदा, चारला एक, रात्री कॉलच्या आधी एक. पाच कप, दहा चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. दुपारी कँटीनमध्ये ३०० मिलीचं कोल्ड्रिंक, त्यात ३० ग्रॅमच्या वर. रात्री साडेअकराला मोबाइलवरून मागवलेला फ्राइड राइस, आणि मग झोप. आम्ही चंदगडची माणसं काजू खातो म्हणून मला वाटलं काजूने झालं असेल. काजूचा काही संबंध दिसत नाही.

टॉनिक आणलेलंच नाही. पुढच्या सोमवारी फिजिशियनची वेळ घेतली आहे.

चंदगडचा_पोरगा (साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, राग नसावा.

आठवडाभर जिम बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं होतं, तेव्हा एसजीओटी ४२ वरून ३४ झाला, पण एसजीपीटी ६६ आणि जीजीटी ५७. ट्यूबताई म्हणाल्या तसंच. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह, थायरॉइड ठीक, अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन ठीक. सोनोग्राफीत ग्रेड १. फिजिशियन मॅडमनी वडिलांबद्दल ऐकल्यावर पेन खाली ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. गोळी अजून दिलेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाल्या.

कालचे आकडे. वजन ६५.४, कंबर ८९. एसजीपीटी ३९, जीजीटी ३५, ट्रायग्लिसराइड १५८, साखर ९७, बीपी १२६/८२. एचडीएल ३४ चं ३६, ते काही हलत नाही. एलडीएल उलट ११९. म्हणजे सगळं छान झालं असं नाही. चहा बिनसाखरेचा जमला. कोल्ड्रिंक एका दिवसात सुटलं, त्याचं मलाच आश्चर्य वाटलं. रात्रीचं जेवण अजून दहाच्या आत येत नाही, अमेरिकेच्या कॉलला कोण सांगणार. दोनदा घसरलो, एकदा गावच्या जत्रेत आणि एकदा विनाकारण.

तिरकस_तुषार

धागा वर आलाच आहे तर सांगतो. तुला टोमणा मारल्यावर गुपचूप माझंही रक्त दिलं होतं. एसजीओटी ११८, एसजीपीटी ५६, जीजीटी १९०. वय ३३. मी पितो. कंबर ९८. शब्द मागे.

निवृत्त_चिपळूणकर

तुषारराव, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीवर असणे ही बहुधा बाटलीचीच खूण. त्यात कंबर ९८, म्हणजे दारू आणि पोट दोन्ही एकाच यकृतावर हात चालवत आहेत. इथे माफी मागण्यात वेळ घालवू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रोज घेत असाल तर एकदम बंदही स्वतःच्या मनाने करू नका, हातपाय थरथरायला लागतात. त्यांच्या देखरेखीखाली सोडा.

चंदगडचा_पोरगा

तुषारदादा, पहिला फोन फिजिशियनला, दुसरा मला करा.

आणि मंडळी, आता नवीन भानगड. आई शिवणकाम करते. मी काकांचं कंबरेचं सगळं समजावून सांगितल्यावर तिने गळ्यातला टेप काढला आणि घरादाराची मापं घेतली. मापाच्या वहीतच लिहून ठेवली आहेत, ब्लाउजांच्या खाली. बाबा १०१. ती स्वतः ८४. मला आता 'घेतोस काय' विचारत नाही, 'आज किती चाललास' विचारते.

पण धाकटा भाऊ २१ वर्षांचा, कोल्हापुरात शिकतो, वजन ६१, शर्ट मीडियम, त्याची कंबर निघाली ९१. आईने तीनदा मोजली. तो म्हणतो टेप जुना आहे, सैल पडलाय. एवढ्या लहान वयात रक्त तपासायचं का?

पिवळ्या_टोपीची_ट्यूब

वडिलांची हकीकत बघता तपासाच. उपाशीपोटी पाठवा, आणि आदल्या रात्री मेसच्या पोरांबरोबर रंकाळ्यावर जाऊ नकोस म्हणावं.

टेप जुना असला तरी तुमची ८९ त्यानेच मोजलीत ना?